पहिला चेंडू कुठे जातो?

वेल्ह्याच्या बाजारपेठेत, विंझरला, नसरापूरच्या चौकात किंवा भोरच्या एसटी स्टँडाबाहेर, मॅच असेल त्या संध्याकाळी कुठल्याही हॉटेलात उभे राहा. भिंतीवर टीव्ही, खाली चहाचे ग्लास, आणि षटक संपलं रे संपलं की दात चमकवणारी पेस्ट किंवा रंगाचा डबा. जाहिरात संपून मैदान दिसतं तेव्हा चेंडू सीमारेषेकडे पळत असतो. कुणीतरी ओरडतं, "आरं, पयला बॉल गिळला की!" मग रिप्लेची वाट बघायची.

नेमाने बघणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. वेगवान गोलंदाजाच्या षटकाचा पहिला चेंडू सहसा बुडत नाही. बुडतो तो फिरकीवाल्याचा. जाहिरात दोघांच्या आधी तेवढीच असते, मग हा भेदभाव कशाने होतो? त्यासाठी आधी दोन षटकांच्या मध्ये मैदानावर आणि मैदानापासून दूर, टीव्ही कंपनीच्या खोलीत, काय चालतं ते पाहावं लागेल.

षटक संपल्यावरचं मिनिट

पंच 'ओव्हर' म्हणतो. क्षेत्ररक्षक बाजू बदलतात, यष्टिरक्षक या टोकाचा त्या टोकाला जातो, कर्णधार कुणाला तरी हातानेच मागे सरकवतो. नवा गोलंदाज टोपी पंचाकडे देतो. एवढ्याला चाळीस सेकंद ते एक मिनिट लागतं. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यांत आता यावर घड्याळच लावलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये प्रयोग म्हणून आणि जून २०२४ पासून कायमचा नियम असा, की क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने साठ सेकंदांत पुढचं षटक टाकायला सज्ज व्हायचं. दोनदा ताकीद, त्यानंतर प्रत्येक वेळी पाच धावांचा दंड.

वेगवान गोलंदाजाला आपल्या खुणेपर्यंत लांब चालत जावं लागतं, तिथून वळून धावत यावं लागतं. फिरकी गोलंदाज चार पावलांवर उभा असतो. यष्टिरक्षक पोहोचला आणि फलंदाजाने मान डोलावली की त्याचा हात फिरलाच. संघाला षटकं वेळेत संपवायची असतील तर तो मुद्दाम घाई करतो. जाहिरातीसाठी मिळणारी फट कधी साठ सेकंदांची असते, कधी पस्तिसाची, आणि ती किती मोठी असेल हे आधी कुणालाच माहीत नसतं.

जाहिरात मात्र ठरलेल्या लांबीची. दहा सेकंद, पंधरा, वीस, तीस. ती कापता येत नाही, कारण अर्धवट दिसलेल्या जाहिरातीचे पैसे जाहिरातदार देत नाही. ती पुन्हा दाखवावी लागते. म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या फटीत न बदलणाऱ्या लांबीचे तुकडे बसवायचे. चौथा तुकडा बसेल की नाही हा अंदाज, आणि तो चुकला की आपला चेंडू गेला.

अंदाज करणारा माणूस मैदानावर नसतो

मैदानावरचे कॅमेरे आणि रिप्ले जुळवून जे चित्र तयार होतं, त्यात मधल्या जाहिराती नसतात. षटकांच्या मध्येही कॅमेरे चालूच असतात. गोलंदाज चेंडू पुसताना, प्रेक्षकांतलं पोर झेंडा हलवताना, सगळं चित्रित होत असतं. हे चित्र उपग्रहावरून किंवा फायबरच्या तारेवरून टीव्ही कंपनीच्या प्रसारण केंद्रात जातं. जाहिराती तिथे लागतात.

तिथे एका माणसासमोर दोन पडदे असतात असं समजा. एकावर मैदान, दुसऱ्यावर आपल्याला दिसतं ते. शेवटचा चेंडू पडला, धावा पूर्ण झाल्या, की तो बटण दाबतो आणि यादीतली पहिली जाहिरात सुरू होते. आपण पेस्ट बघत असतो तेव्हा तो मैदान बघत असतो. गोलंदाज खुणेवर पोहोचला का? अजून दहा सेकंद आहेत का? आहेत असं वाटलं तर आणखी एक सोडतो.

याच कारणाने एकाच क्षणी भोरमध्ये एक जाहिरात लागते आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरात दुसरीच. मैदानाचं चित्र एक, पण प्रत्येक देशातला प्रसारणाचा हक्कदार आपापल्या फटी आपापल्या परीने भरतो.

विकेट पडल्यावरची फट जरा ऐसपैस असते. नव्या फलंदाजाला ट्वेंटी-ट्वेंटीत दीड मिनिट आणि एकदिवसीय सामन्यात दोन मिनिटं मिळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या विश्वचषक सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज हेल्मेटचा पट्टा तुटल्याने वेळेत सज्ज झाला नाही आणि एकही चेंडू न खेळता बाद ठरला, तो याच नियमाने. पण विकेट पडल्यावर लोकांना रिप्ले हवा असतो, चेहरे हवे असतात, म्हणून तिथे जाहिरातीला जरा दबकत यावं लागतं. तेही आता कमी झालंय. झेल घेतलेल्या खेळाडूभोवती बाकीचे जमा होतात न होतात तोच पडदा आक्रसून कडेला मोबाइलची जाहिरात उगवते.

घाई एवढी का?

समजा त्या माणसाने दोनच जाहिराती सोडल्या आणि निवांत मैदानावर परत आला. कुणाचं काय बिघडेल? याचं उत्तर मैदानाबाहेर, आणि बरंच आधी झालेल्या प्रसारण हक्कांच्या लिलावात आहे.

एके काळी चक्र उलटं फिरत होतं. आपल्याकडे दूरदर्शन एकटंच होतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागलं. सिंहगडाच्या पलीकडे, तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या गावांना मात्र त्याचा फारसा उपयोग नव्हता. टीव्हीचे तरंग नजरेसारखे सरळ जातात, मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली. म्हणून अँटेना बांबूवर चढवायचा, एकाने वर फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं, गेलं" म्हणायचं. जाहिराती दूरदर्शनवर १९७६ मध्ये आल्या. पण क्रिकेट दाखवायचं तर क्रिकेट मंडळानेच पैसे द्यावेत, असा दूरदर्शनचा पवित्रा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होता!

१९९३ मध्ये हिरो चषकाच्या प्रसारणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारी मक्तेदारी चालणार नाही. मक्तेदारी गेली आणि लिलाव आला. २००८ मध्ये आयपीएलचे हक्क दहा वर्षांसाठी सुमारे एक अब्ज डॉलरला गेले. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांना १६,३४७.५ कोटी रुपये मोजले गेले. २०२३ ते २०२७ चे हक्क टीव्ही, इंटरनेट, परदेश असे तुकडे करून विकले. बेरीज झाली ४८,३९० कोटी. त्यात भारतातल्या टीव्हीचा एका सामन्याचा भाव ५७.५ कोटी रुपये.

हे पैसे बोली लागली तेव्हाच ठरले. सामना रटाळ झाला, चौदाव्या षटकात आटोपला, तरी देणं तेवढंच.

चौकट : आयपीएलच्या एका सामन्याचा हिशेब
(लिलावाचा आकडा खरा, सेकंदांचा अंदाज आमचा)
वीस षटकांच्या डावात षटकांमधल्या फटी १९, दोन डावांत ३८.
त्यातल्या ४ फटी म्हणजे अडीच मिनिटांचे टाइमआउट : ६०० सेकंद.
उरलेल्या ३४ फटी, प्रत्येकी ४० सेकंद : १,३६० सेकंद.
१२ विकेट, प्रत्येकी ३० सेकंद : ३६० सेकंद.
एकूण २,३२० सेकंद, म्हणजे दहा सेकंदांचे २३२ तुकडे.
५७.५ कोटी भागिले २३२ : एका तुकड्यामागे सुमारे २५ लाख रुपये.
वर्गणीची कमाई, डावांमधली विश्रांती आणि सामन्याच्या आधी-नंतरचे कार्यक्रम यात धरलेले नाहीत. धरले तर आकडा खाली येतो, पण लाखांतच राहतो.

यातला दहा सेकंदांचा एक तुकडा गाळायचा म्हणजे काय, हे बटणावर बसलेल्या माणसाला कळतं. पन्नास सामन्यांत फिरकीवाल्याचे पन्नास चेंडू बुडाले तर शिव्या पडतात, पण शिव्यांची वसुली कोण करतो?

फटी रुंद करण्याचा इतिहास

फट पुरेना म्हटल्यावर खेळालाच हात लावला जातो. सगळ्यात उघड उदाहरण आयपीएलच्या टाइमआउटचं. २००९ चा हंगाम निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत झाला. त्या वर्षी प्रत्येक डावात दहा षटकांनंतर तब्बल साडेसात मिनिटांची विश्रांती घुसवली. नाव 'स्ट्रॅटेजिक', म्हणजे डावपेच आखायला. जमलेली लय त्यानंतर मोडायची, खेळाडूही कुरकुरले. २०१० पासून तिचे अडीच-अडीच मिनिटांचे दोन भाग केले आणि ते आजतागायत आहेत. डावपेच आखायला ही विश्रांती उपयोगी नाही असं कुणी म्हणणार नाही. पण कसोटीत पाच दिवस डावपेच लढवणाऱ्यांना ती कधी लागली नव्हती.

ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं. केरी पॅकर यांच्या चॅनेल नाइनकडे प्रसारण गेलं आणि १९७९-८० पासून ते सहा चेंडूंचं झालं. जाहिरातींच्या फटी वाढाव्यात म्हणून हा बदल झाला, असं कितीतरी जण म्हणतात. हेतू काय होता ते असो, हिशेब सरळ आहे : ४८० चेंडूंची आठच्या हिशेबाने साठ षटकं होतात, सहाच्या हिशेबाने ऐंशी. एक तृतीयांश फटी फुकटात वाढल्या.

फुटबॉलवाल्यांची यातून बरीच वर्षं सुटका होती. पंचेचाळीस मिनिटं घड्याळ थांबतच नाही, जाहिरात घालणार कुठे? म्हणून ती मैदानाच्या कडेच्या फळीवर आणि खेळाडूच्या छातीवर गेली. २०२६ च्या विश्वचषकासाठी मात्र फिफाने प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांची पाणी पिण्याची विश्रांती जाहीर केली, हवा थंड असली तरीही. आपल्या कबड्डीचंही थोडंफार असंच. तीस सेकंदांच्या चढायांत फट सापडत नाही. प्रो कबड्डीत खेळाडू बदलताना, टाइमआउटला आणि मध्यांतराला ती शोधावी लागते.

भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भात काढून झाल्यावर टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, तिथला समालोचक या सगळ्या मोठ्या कंपन्यांपेक्षा हुशार आहे असं माझं मत आहे. माइक त्याच्या हातात, मंडपात स्पीकर. "पुढच्या षटकाराला पाचशे एक रुपये, आपल्या गावचे दानशूर..." असं म्हणत तो नाव घेतो, फ्लेक्सवरचं हार्डवेअरचं दुकान सांगतो, सरपंचांचं स्वागत करतो, तेवढ्यात चेंडू पडतो आणि तो त्याच दमात "लाँग ऑनच्या डोक्यावरून!" म्हणतो. जाहिरातही होते आणि चेंडूही कुणाचा चुकत नाही. अर्थात त्याला सामन्याचे ५७ कोटी भरायचे नसतात.

बारा मिनिटांचा नियम असूनही

कायदा काही आहे की नाही, असं हॉटेलात हमखास कुणीतरी विचारतं. आहे. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत : दहा मिनिटं इतरांच्या, दोन मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१२ मध्ये याहून कडक नियम काढले होते. खेळाच्या थेट प्रसारणात फक्त खेळ थांबला असतानाच जाहिरात, पडद्याच्या कडेला घुसणाऱ्या जाहिराती बंद, आणि जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नको. वाहिन्यांनी विरोध केला. २०१३ च्या सुधारणेत यातलं बहुतेक गळालं आणि मुख्यतः बारा मिनिटांची मर्यादा उरली. तीही न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं.

खरी गंमत पुढे आहे. चौकटीतला हिशेब पुन्हा बघा. २,३२० सेकंद म्हणजे ३९ मिनिटंही नाहीत. डावांमधली विश्रांती वगळून सामना साधारण तीन तास वीस मिनिटं चालला तर तासाला साडेअकरा-बारा मिनिटं येतात. म्हणजे हा सामना बहुधा नियमातच बसतो! संध्याकाळच्या मालिकेतही जवळपास तेवढ्याच जाहिराती असतात आणि तिथे आपण एवढे चिडत नाही. मालिकेत त्या दोन-तीन गठ्ठ्यांनी येतात. तेवढ्यात भात लावून होतो, कुकरची एक शिट्टी होते. सामन्यात त्याच जाहिराती पन्नास ठिकाणी विखुरलेल्या, दर चार मिनिटांना एक टोचणी. चाळीस सेकंदांत ना उठून काही करता येतं, ना मागच्या चेंडूवर दोन शब्द बोलता येतात. नियम मिनिटं मोजतो. आपल्याला त्रास होतो तो तुटण्याचा, आणि तो मोजणारा नियम नाही.

आवाज का वाढतो?

टीव्हीचा आवाज तुम्ही बदलला नाही, तरी जाहिरात लागली की रिमोट शोधावा लागतो. हा भास नाही आणि वाहिनीने गुपचूप आवाज वाढवलेला असतो असंही नाही.

प्रसारणात आवाजाला वरची एक हद्द असते, तिच्यापुढे गेलं तर तो फाटतो. सामन्यात आवाज सतत वर-खाली होतो : बॅटचा 'टक', गर्दीचा कल्लोळ, मध्येच समालोचकाचं खालच्या पट्टीतलं बोलणं, कधी नुसती शांतता. हद्दीला तो क्वचितच टेकतो. जाहिरात बनवताना उंच टोकं दाबतात, खालचे भाग वर उचलतात, आणि सगळाच्या सगळा आवाज हद्दीच्या अगदी खाली आणून ठेवतात. पायलीचं माप घ्या. एकदा पेंढ्यासकट सैल भात भरा आणि एकदा हलवून, ठोकून इंद्रायणी तांदूळ भरा. काठ तोच, शीग दोन्हीला नाही, पण उचलल्यावर हाताला फरक कळतो. यंत्र काठ तपासतं, कान वजन तोलतो.

कानासारखं वजन मोजणाऱ्या पद्धती आता जगभर आहेत. अमेरिकेत २०१० मध्ये कायदाच झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तिथल्या टीव्हीवर जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजात लावता येत नाही. आपल्या केबल नियमांतही जाहिरात अति मोठ्या आवाजाची नसावी अशी ओळ आहे. 'अति' म्हणजे किती, हे त्या ओळीत नाही.

छत्रीवरची मॅच आणि मोबाइलवरची

केळद-पासली भागात केबल ओढणं परवडत नाही, म्हणून घराघरांवर छत्र्या आहेत. त्यात दूरदर्शनची फ्री डिशही असते, महिन्याचं भाडं नसलेली. तिच्यावर भारताचे सामने दिसतात ते २००७ च्या एका कायद्यामुळे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी हक्कदाराने आपल्या जाहिराती काढून प्रसार भारतीला द्यायचं, प्रसार भारतीने स्वतःच्या जाहिराती लावायच्या, आणि त्या उत्पन्नातले पंचाहत्तर टक्के हक्कदाराला, पंचवीस टक्के प्रसार भारतीला. म्हणून फ्री डिशवर आणि पैसे भरलेल्या छत्रीवर एकाच सामन्यात वेगवेगळ्या जाहिराती दिसतात. आयपीएल त्या महत्त्वाच्या यादीत नाही.

मोबाइलवर बघणाऱ्यांचं कोडं निराळं. मढे घाटाकडे जाताना रेंज एक काडी. मॅच गोल-गोल फिरते, अडकते. जाहिरात मात्र काचेसारखी स्वच्छ, एकदाही न अडखळता. यात कुणाचा कावा नाही. जाहिरात ही आधीच तयार असलेली फाइल. ती कंपनीच्या जवळच्या यंत्रावर ठेवलेली असते, फोनही ती थोडी आधी उतरवून घेऊ शकतो. मॅच आधी उतरवता येत नाही, कारण पुढचा चेंडू अजून पडलेलाच नाही. ती काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते, एक तुकडा उशिरा आला की चक्र फिरू लागतं. याच तुकड्यांमुळे मोबाइल टीव्हीच्या मागे राहतो आणि शेजारच्या घरातली आरोळी तुम्हाला विकेटच्या आधी ऐकू येते.

इंटरनेटवर आणखी एक सोय आहे, अर्थात कंपनीला. टीव्हीवर सगळ्यांना एकच जाहिरात. इथे प्रत्येक फोनला वेगळी लावता येते. भोरच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर, त्याच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला गृहकर्ज, फट तीच. म्हणून २०२३ ते २०२७ च्या हक्कांच्या लिलावात नुसत्या भारतातल्या इंटरनेट प्रसारणाला एका सामन्याचे ५० कोटी मिळाले, टीव्हीच्या जवळपास. आणि म्हणूनच जास्त पैसे भरून 'जाहिरातमुक्त' वर्गणी घेतली तरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : थेट सामने सोडून. चित्रपटातली जाहिरात वर्गणीच्या पैशात काढून टाकणं परवडतं. सामन्याच्या ५० कोटींचा खड्डा वर्गणीने भरत नाही.

आयपीएलचे सध्याचे हक्क २०२७ च्या हंगामापर्यंत आहेत. त्यानंतरच्या लिलावात दोन षटकांमधल्या त्या मिनिटाचा भाव पुन्हा ठरेल, आणि गोलंदाज फिरकीवाला असेल तर पहिला चेंडू दिसणार की नाही तेही.